गावावरची टॉवर लाइन मोठी होणार असेल तर: पहिल्या खुंटीपासून शेवटच्या पंचनाम्यापर्यंत

गावात ‘लाइन मोठी होणार’ अशी कुजबुज सुरू झाली की दोन तट पडतात. एक तट म्हणतो, सरकारचं काम आहे, आपण काय करणार. दुसरा म्हणतो, एकही टॉवर उभा राहू द्यायचा नाही. हा लेख या दोघांसाठीही आहे, आणि ज्याने आजवर लाइनखाली फक्त ज्वारी काढली, कागद कधी पाहिलाच नाही, त्याच्यासाठी तर आहेच. माझं म्हणणं एवढंच की तुमच्या हातात खरी ताकद असते ती खड्डा खणला जाण्याआधीच्या काही आठवड्यांत. तेव्हा मोजून घेतलं आणि लिहून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. नंतर उरतं ते फक्त भांडण.

लाइन मोठी करण्याची गरज खोटी नसते, हेही आधीच सांगतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई अंधारात गेली, ती कळवा, पडघे, खारघर या बाजूच्या ४०० केव्हीच्या (म्हणजे चार लाख व्होल्टच्या) लाइन बंद पडल्यामुळे. शहरात वीज आणायला पुरेशा वाटाच नव्हत्या. त्यानंतर २०२३ मध्ये खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची लाइन सुरू झाली. जुनी वाट रुंद करणं हे नवी वाट पाडण्यापेक्षा पुष्कळदा बरंही असतं. गोव्यात मोले अभयारण्यातून ४०० केव्हीची नवी लाइन न्यायची होती, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने २०२१ मध्ये सुचवलं ते हेच: जंगलात नवा पट्टा तोडू नका, आधीच्या लाइनचा पट्टा वापरा. झाडं वाचतात, पण जुन्या पट्ट्याखाली ज्यांची शेतं आणि घरं आहेत त्यांच्यावर भार वाढतो. म्हणून त्यांनीच जागं राहायला हवं.

पहिला प्रश्न: नुसती तार बदलणार की टॉवरही?

सर्वेची माणसं आली की आधी हे विचारा. पुढचं सगळं याच उत्तरावर ठरतं.

टॉवर तेच ठेवून फक्त तार बदलायची असेल, तर बहुधा जुनी एसीएसआर तार काढून ‘एचटीएलएस’ तार घालतात. एसीएसआर म्हणजे पोलादी गाभ्याभोवती अॅल्युमिनियमचे पेड असलेली तार. ती साधारण ७५ ते ८५ अंशांपर्यंत तापू देतात, त्यापुढे ती सैल होऊन खाली झोळते. एचटीएलएस तार दीडशे अंशांच्या वर तापली तरी फारशी झोळत नाही, त्यामुळे त्याच टॉवरवरून जवळजवळ दुप्पट करंट नेता येतो. यात तुमची जमीन नव्याने जात नाही. नुकसान होतं ते काम चालू असताना, पिकाचं आणि बांधाचं.

व्होल्टेज वाढवणार असतील, म्हणजे १३२ केव्हीच्या जागी २२० केव्ही, किंवा एका सर्किटच्या (तीन तारांच्या संचाच्या) जागी दोन करणार असतील, तर बहुधा टॉवर नवे येतात आणि पाया नवा येतो. व्होल्टेज वाढलं तर पट्टाही रुंदावतो. हा पट्टा, ज्याला कागदोपत्री ‘राइट ऑफ वे’ म्हणतात, १३२ केव्हीला २७ मीटर धरतात, २२० केव्हीला ३५ मीटर, ४०० केव्हीला ४६ मीटर आणि ७६५ केव्हीच्या डबल सर्किटला ६७ मीटर. आता हिशोब करा. तुमच्या शेतातून ३०० मीटर लाइन जाते आणि ती १३२ ची २२० होणार आहे. पट्टा आठ मीटरने वाढला, म्हणजे २४०० चौरस मीटर, सुमारे २४ गुंठे जमिनीवर नवी बंधनं आली. ‘लाइन तर जुनीच आहे’ असं म्हणून कोणी हे २४ गुंठे उडवून लावत असेल तर त्याच्यासमोर हा हिशोब ठेवा.

तिसरा प्रकार शहरालगत दिसतो: चार पायांचा टॉवर काढून एकच जाड खांब, म्हणजे मोनोपोल. जागा कमी लागते, खर्च जास्त होतो. वस्तीतून जाणाऱ्या लाइनसाठी गावाने ही मागणी लेखी करून ठेवावी. मिळेलच असं नाही, पण न मागता तर नक्कीच मिळत नाही.

लाइन वाचायला शिका

हे अर्ध्या तासात जमतं. टॉवरच्या पायाजवळ थोडं लांब उभं राहा आणि वर पाहा. तार ज्या माळेला टांगलेली असते त्या माळेतल्या चकत्या मोजा. नऊ-दहा असतील तर लाइन १३२ केव्हीची, चौदाच्या आसपास असतील तर २२० ची, तेवीसच्या आसपास असतील तर ४०० ची. आता पॉलिमरच्या अखंड दांड्याही येतात, तिथे हे मोजमाप चालत नाही. मग तारा मोजा. टोकावरची बारीक तार वीज पडण्यापासून राखण करणारी, ती सोडून द्या. बाकी तीन असतील तर एक सर्किट, सहा असतील तर दोन. प्रत्येक जागी एकेक तारेऐवजी दोन किंवा चार तारांचा जुडगा दिसला तर ती लाइन बहुधा ४०० किंवा त्याहून मोठी.

टॉवरवर एक पाटी असते, तिच्यावर लाइनचं नाव आणि टॉवरचा नंबर. तो नंबर वहीत टिपून घ्या, मोबाइलवर फोटो काढा. अर्ज, पंचनामा, तक्रार, न्यायालय, सगळीकडे तुमच्या शेताची ओळख गट नंबर आणि टॉवर नंबर या जोडीनेच पटते. नुसता ‘माझ्या शेतातला टॉवर’ कुठल्याही फायलीत सापडत नाही.

कागद गोळा करा

सातबारा, आठ-अ, गट नकाशा ही तुमच्या बाजूची तीन कागदं. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यात जुन्या लाइनची नोंद आहे का ते पाहा. हद्दीवरून भावकीत वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी आत्ताच करून घ्या. टॉवर दोन भावांच्या बांधावर आला आणि मोजणी नसली, तर मोबदल्याचे पैसे वर्षानुवर्षं अडकून पडतात. मी पाहिलेल्या रखडलेल्या प्रकरणांत कंपनीपेक्षा घरातल्या वाटण्याच जास्त आड आल्या.

त्यांच्या बाजूची कागदं मागताना हे मागा: काम कोणाचं (महापारेषण, पॉवरग्रिड की खासगी पारेषण कंपनी), विद्युत कायदा २००३ च्या कलम ६८ खालची मंजुरी, कलम १६४ खालचा आदेश, तुमच्या गावापुरता मार्गाचा नकाशा आणि टॉवरनिहाय यादी. नव्या मार्गाची जाहिरात वर्तमानपत्रात येते, तिच्यात गावांची नावं आणि हरकतीची मुदत छापलेली असते. ती जाहिरात ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला सांगा. महापारेषण आणि पॉवरग्रिड सरकारी कंपन्या आहेत, तिथे माहिती अधिकारात अर्ज चालतो.

कलम १६४ चा आदेश असला तर कंपनीला तार खात्याच्या १८८५ च्या जुन्या कायद्यातले अधिकार मिळतात. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने तो जुना कायदा मोडीत काढला, पण वीज लाइनपुरता त्याचा तिसरा भाग चालूच ठेवला आहे. त्याचा अर्थ सरळ शब्दांत असा: जमीन तुमच्याच नावावर राहते, कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो. तुमची संमती त्यांना लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही पॉवरग्रिडच्या एका खटल्यात २०१६ मध्ये स्पष्ट केलं आहे. मात्र त्याच १८८५ च्या कायद्याच्या कलम १० प्रमाणे कमीत कमी नुकसान करणं आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई देणं त्यांना बंधनकारक आहे. तुम्ही अडवलंत तर कलम १६(१) खाली जिल्हाधिकारी परवानगीचा आदेश काढू शकतात आणि काम पोलीस बंदोबस्तात होतं. म्हणून रस्त्यावर आडवं पडण्यात जो जोर घालवायचा तो ‘कमीत कमी नुकसान’ या तीन शब्दांवर लावा.

खुंटी ठोकली जाते तेव्हा

टॉवर नेमका कुठे येणार ते या टप्प्यावर ठरतं, आणि हलवून मिळण्याची संधीही इथेच असते. लाइन जिथे वळते तिथला कोनाचा टॉवर सहसा हलत नाही. सरळ रेषेतला टॉवर मात्र त्याच रेषेवर काही मीटर पुढे-मागे घेता येतो. शेताच्या मधोमध येणारा टॉवर बांधावर गेला तर ट्रॅक्टर फिरायला अडथळा राहत नाही. इंजिनिअरला शेतात फिरवा आणि दाखवा: विहीर इथे, बोअर इथे, पाइपलाइन अशी गेली आहे, गोठा तिथे, पोरासाठी घर बांधायचं ते या कोपऱ्यात. बोलून झालं की त्याच दिवशी एक अर्ज लिहून पोच घ्या. तोंडी ‘बघू’ म्हणणारा इंजिनिअर पुढच्या महिन्यात बदलून गेलेला असतो.

घराजवळून लाइन जात असेल तर अंतराचे नियम केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने ठरवलेले आहेत. जमिनीपासून सर्वात खालची तार १३२ केव्हीला किमान ६.१ मीटर, २२० ला ७ मीटर, ४०० ला ८.८ मीटर हवी. घराच्या छतापासून वर १३२ ला ४.६, २२० ला ५.५, ४०० ला ७.३ मीटर. आडवं अंतर अनुक्रमे २.९, ३.८ आणि ५.६ मीटर. ही सगळी अंतरं तार सर्वात जास्त झोळलेली आणि वाऱ्याने हेलकावलेली असताना पाळली गेली पाहिजेत. सकाळच्या गारव्यात कोणी मोजून ‘बसतंय’ म्हणाला तर त्याला दुपारच्या उन्हाचा, भर लोडचा आकडा विचारा. आणि स्वतः काठी किंवा टेप वर करून कधीही मोजू नका. एवढ्या दाबाची वीज अंगावर यायला तारेला हात लागावा लागत नाही, जवळ गेलं तरी पुरतं.

पंचनामा

सगळ्यात जास्त पैसा इथे हरवतो, म्हणून इथे थांबतो.

टॉवर लाइनच्या कामात शेतात माणसं तीनदा येतात: पाया भरायला, टॉवर उभा करायला आणि तार ओढायला. तिन्ही वेळचं नुकसान वेगळं असतं, म्हणून पंचनामे तीन. पायाच्या वेळी सोयाबीन होतं आणि तार ओढताना हरभरा आहे, तर दोन्हींची भरपाई येते. पहिल्या पंचनाम्याच्या खाली ‘यापुढे काही मागणी नाही’ असं छापील वाक्य असेल तर ते खोडल्याशिवाय सही करू नका.

पंचनाम्याला तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), कृषी सहायक (आता सहायक कृषी अधिकारी), कंपनीचा माणूस आणि तुम्ही स्वतः हजर हवेत. ‘उसाचे नुकसान झाले’ एवढंच लिहिलेला पंचनामा जवळजवळ निरुपयोगी. तो असा हवा: गट नंबर अमुक, टॉवर नंबर तमुक, खोडवा ऊस, वय सात महिने, ४० मीटर लांब आणि १५ मीटर रुंद पट्ट्यात क्रेन फिरल्याने मोडला, क्षेत्र सहा गुंठे, ठिबकच्या नळ्या तुटल्या, लांबी इतकी, पूर्वेकडचा बांध १२ मीटर फुटला, पाइपलाइन एका ठिकाणी फुटली. फोटो काढताना टॉवरची पाटी किंवा ओळखीची विहीर चौकटीत घ्या. जागेवरच प्रत मागा. ‘नंतर देतो’ म्हणाले तर लिहिलेल्या पानाचा फोटो काढून घ्या.

झाडांचा पंचनामा निराळा. तारेखालची उंच झाडं जातात. फळझाडाचं मूल्य कृषी खात्याकडून, इमारती लाकडाचं वन विभागाकडून आणि गोठा, विहीर, घर यांचं सार्वजनिक बांधकाम खात्याकडून काढून घेतात. हापूसचं पंधरा वर्षांचं कलम आणि बांधावरचा रायवळ यांना एका ओळीत ‘आंबा, २ नग’ म्हणून बसवू देऊ नका. प्रत्येक झाडाला नंबर, जात, वय, बुंध्याचा घेर आणि फळ धरतं की नाही ते लिहा. झाड तोडण्याआधी लिहा, कारण तोडल्यावर उरतो तो फक्त बुंधा.

मोबदल्याचा हिशोब

पीक आणि झाडांची भरपाई वेगळी, जमिनीचा मोबदला वेगळा. ६६ केव्ही आणि त्यावरच्या लाइनसाठी केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने १४ जून २०२४ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. टॉवरच्या चार पायांमधली जागा आणि प्रत्येक बाजूला एक मीटर जादा, एवढ्या क्षेत्राला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के. तारेखालच्या पट्ट्याला ३० टक्के. त्याआधीच्या २०१५ च्या सूचनांत हेच आकडे ८५ आणि कमाल १५ टक्के होते. मार्च २०२५ च्या पुरवणी सूचनांत बाजारभाव आधार धरला असून पट्ट्यासाठी ग्रामीण भागात ३० टक्के, नगरपालिका क्षेत्रात ४५ आणि महापालिका क्षेत्रात ६० टक्के असं म्हटलं आहे. राज्यातल्या लाइनसाठी राज्याचा शासन निर्णय लागू होतो, तेव्हा प्रांत कार्यालयात जाऊन आपल्या लाइनला कोणता निर्णय लावला आहे त्याची तारखेसह प्रत मागा. दर ठरवण्याआधी मागा.

समजा टॉवरचे पाय ८ बाय ८ मीटरवर आहेत. एकेक मीटर धरून १० बाय १०, म्हणजे सुमारे एक गुंठा. गुंठ्याला ४० हजार भाव धरला तर टॉवरचे ८० हजार. पट्टा ३५ मीटर रुंद, तुमच्या शेतात १५० मीटर लांब, म्हणजे जवळपास ५२ गुंठे. ३० टक्क्यांनी सव्वासहा लाखांच्या आसपास. लोक भांडतात टॉवरच्या आकड्यासाठी आणि पट्ट्याकडे पाहतही नाहीत. खरी रक्कम पट्ट्यात असते, म्हणून पट्ट्याची लांबी-रुंदी स्वतः मोजा.

जुन्या पट्ट्यातच लाइन मोठी होत असेल तर नव्याने आलेली रुंदी, नवे पाये आणि जुना टॉवर काढतानाचं नुकसान या तीन गोष्टींची मागणी स्वतंत्र ओळीत करावी, असं माझं मत आहे. जुन्या टॉवरचं सिमेंट जमिनीत तसंच सोडून जातात. नांगर लागणार नाही इतक्या खोलीपर्यंत, निदान मीटरभर, ते काढून खड्डा मातीने भरून द्यावा, हे आधीच लिहून घ्या.

रक्कम कमी वाटली तर पैसे ‘हक्क राखून’ स्वीकारत असल्याचं लिहा आणि १८८५ च्या कायद्याच्या कलम १६(३) खाली जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करा. २००७ मध्ये केरळ राज्य विद्युत मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की भरपाई ठरवताना जमीन कुठे आहे, लाइन कडेने जाते की मधून, किती लांब जाते हे पाहिलं पाहिजे. तुमची खुंटीच्या वेळची कागदं इथे उपयोगी पडतात. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या खातेदारांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो.

काम चालू असताना आणि नंतर

पायाचे खड्डे खोल असतात, पावसात भरतात. त्यांना कुंपण घालायला लावा, आणि शाळा जवळ असेल तर ग्रामपंचायतीचं पत्र द्या. वरची काळी माती वेगळी ठेवायला सांगा, नाहीतर खालचा मुरूम वर येऊन तेवढा तुकडा कायमचा पडीक होतो. तार ओढण्याच्या दिवशी गावची वीज बंद राहणार असेल तर वेळ आधी विचारून घ्या. खाली लोंबलेली तार ‘बंद आहे’ असं कोणी सांगितलं तरी तिला हात लावू नका, शेजारच्या चालू लाइनमुळे तिच्यात वीज उतरते.

त्याच कारणाने नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांना वेगळी काळजी लागते. मांडवाच्या लोखंडी तारा लाइनला समांतर लांबच लांब जात असतील तर त्यांच्यात झटका देण्याइतका दाब येऊ शकतो. मांडवाला ठिकठिकाणी अर्थिंग करून द्यावं, म्हणजे तो तारेने जमिनीशी जोडून द्यावा, ही मागणी लाइन चार्ज होण्याआधी, म्हणजे तिच्यात वीज सोडण्याआधी करा. तारेच्या कुंपणालाही हेच लागू. लाइनखाली पाचट पेटवू नका, धुराने वीज उडी मारते आणि लाइन बंद पडते. डंपरची ट्रॉली उचलणं, अॅल्युमिनियमचे पाइप उभे धरणं, झेला बांधलेल्या लांब काठीने आंबे काढणं, रेनगनची धार तारांकडे सोडणं, हे सगळं पट्ट्याबाहेर.

तब्येतीबद्दल प्रत्येक सभेत विचारलं जातं आणि तो प्रश्न रास्त आहे. लाइनभोवतीचं चुंबकीय क्षेत्र करंटबरोबर वाढतं आणि अंतराबरोबर झपाट्याने कमी होतं. नव्या तारेतून दुप्पट करंट गेला तर त्याच जागी ते क्षेत्रही दुप्पट. लोकांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा २०० मायक्रोटेस्ला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये अशा क्षेत्राला ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवलं. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाशी क्षीण संबंध आकडेवारीत दिसला, कारण म्हणून तो सिद्ध झालेला नाही. घाबरवणाऱ्यालाही आणि ‘काहीच नसतं’ म्हणणाऱ्यालाही हेच सांगा. शाळा, अंगणवाडी आणि पट्ट्यालगतच्या घरांत काम सुरू होण्याआधी आणि लाइन पूर्ण लोडवर आल्यावर असं दोनदा मोजमाप करून आकडे ग्रामसभेत ठेवावेत, असा ठराव करता येतो.

लाइन चार्ज होण्याआधी गावात दवंडी आणि लेखी सूचना येते. त्या दिवसापर्यंत तिसऱ्या पंचनाम्याचे पैसे खात्यात आले आहेत का ते तपासा. आले नसतील तर प्रांतांकडे गट नंबर आणि टॉवर नंबर टाकून अर्ज द्या, सोबत तिन्ही पंचनाम्यांच्या प्रती जोडा आणि पोच घ्या.